कीपरला प्रत्येक वेळी लाल कार्ड नाही
भुसावळच्या फुटबॉल मॅचबद्दल वर एका दादांनी लिहिलंय की पेनल्टी दिली, मग गोलकीपरला लाल कार्डही हवंच होतं. नाही दादा. 2016 पासून पेनल्टी क्षेत्रात कीपर खरोखर चेंडूसाठी झेपावला, पण त्यात फाउल होऊन समोरच्याचा हक्काचा गोल अडला, तर पेनल्टी अन् पिवळं कार्ड. ओढलं, ढकललं तर मात्र लालच.

आणि धोकादायक धडकेला ही सवलत नाही. 1982 च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला पश्चिम जर्मनीचा कीपर शुमाकरने फ्रान्सच्या बातिस्तोंला अशी धडक दिली की तो बेशुद्ध पडला, दात गेले. रेफरीने साधा फाउलही दिला नाही! अजून संताप येतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे कीपर उडी मारताना सर्रास गुडघा पुढे काढतात. तो पोराच्या बरगडीत बसला, तर चेंडू हातात आला तरी पेनल्टीच द्यायला हवी.