न्यूयॉर्कचं जुनं चित्र: मूळ छापा की नंतरची नक्कल?

मंडळी, मदत हवी आहे. इथे न्यू जर्सीत एका गॅरेज सेलमध्ये न्यूयॉर्कचं मोठं विहंगम चित्र मिळालं. खाली करिअर अँड आइव्हज (चित्रं छापून विकणारी तेव्हाची न्यूयॉर्कची कंपनी) हे नाव आणि 1876 साल छापलंय. गंमत म्हणजे त्यात ब्रुकलिनचा पूल पूर्ण बांधलेला दिसतो, आणि खरा पूल तर 1883 साली खुला झाला! म्हणजे चित्रकाराने तो आराखड्यावरूनच काढला असणार. त्यामुळे पुलावरून साल ठरवता येत नाही.

प्रश्न असा, की हा मूळ शिळाछाप (दगडावर चित्र काढून घेतलेला छापा, म्हणजे लिथोग्राफ) आहे की नंतर आधुनिक ऑफसेट छपाईने काढलेली नक्कल? आजोबांच्या घड्याळ-दुरुस्तीच्या भिंगातून पाहिलं. ऑफसेटमध्ये रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, तशी काही दिसली नाही. एका शिडाचा तांबडा रंग रेघेबाहेर ओघळलाय, म्हणजे हाताने भरलेला असावा. पण मध्ये काच आहे, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नाही.

मागचा पुठ्ठा पार तपकिरी पडलाय. फ्रेम घरीच उघडावी का? कागद काचेला चिकटला असेल तर काय करायचं? कागद-संवर्धनाचं काम केलेलं कुणी आहे का इथे?