मदत हवी आहे : एकाच घरात दोन रिपोर्ट. मटण-मासे ठेवायचे की सोडायचे?

नमस्कार मंडळी,

श्रावण तोंडावर आलाय. आमच्याकडे श्रावण लागला की गणपती उठेपर्यंत घरात सामिष शिजत नाही. त्यानंतर स्वयंपाकघर पूर्वीसारखं सुरू करायचं की नाही, हे मधल्या काळात ठरवायचंय, म्हणून आत्ताच विचारते.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. घरात सासूबाई, हे, मी आणि अकरावीतली लेक. बुधवार-शुक्रवार मासे, रविवारी मटण नाहीतर कोंबडी-वडे, बाकी वार शाकाहारी, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. गेल्या महिन्यात ह्यांचं आणि लेकीचं रक्त तपासून घेतलं. ह्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, युरिक ॲसिड ८.१, दोन्ही जास्त, बीपीची गोळी आधीपासून चालू आहे. लेकीचं हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) अगदीच कमी, बी-१२ जीवनसत्त्व १६५, तेही कमी. ह्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मटण-कोळंबी बंद, जमलं तर पूर्ण शाकाहारी व्हा. लेकीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नॉनव्हेज सुरू केल्याशिवाय हे भरून येणार नाही. दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी-शेजारी लावलेत आणि पिशवी घेऊन बाजारात जायचंय मला.

लेकीने वर्षभरापूर्वी मटण, चिकन, मासे सगळं सोडलं. नाक्यावरच्या दुकानात मान कापली की कोंबडी निळ्या पिंपात टाकतात, आतून पंखांचे धपके ऐकू येतात आणि मग ते थांबतात. आपण ते ऐकत ऐकत पैसे मोजतो. तिला ते सहन झालं नाही. अंडं आणि दूध-दही खाते, त्याला तिची ना नाही. डॉक्टर तिच्या तोंडावर म्हणाले, "ही फॅडं आहेत, आईने लाड बंद करावेत." पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला हे फॅड वाटत नाही. वर्षभर शेजारच्या ताटात तिचं आवडतं पापलेट तळलेलं असताना जी हात लावत नाही, तिने विचार केलेला आहे.

सासूबाईंचा जीव तिच्यावर आहे, म्हणून त्यांनी सुचवलं की सुका जवळा भाजून बारीक कुटायचा आणि लसणाच्या चटणीत मिसळायचा, तिला कळणारही नाही. मी नाही म्हटलं. तिच्या ताटात तिच्यापासून लपवून काही घालणार नाही. आज रक्त वाढेल, पण उद्या ती माझ्या हातचं खाताना दहा वेळा बघेल.

ह्यांची बाजू वेगळी. कांदिवलीला ऑफिस, दिवसभर खुर्ची, रविवारचं मटण हा आठवड्यातला एक आनंद. तेही तोडायचं असेल तर मला खरं कारण हवंय.

थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे त्याने कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. साधं लाल मांस त्याखालच्या गटात, "बहुधा होतो" असं. पण तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, म्हणून "मटण म्हणजे सिगारेट" हे व्हॉट्सॲपवर फिरतंय ते मला पटत नाही. दुसरीकडे आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसाला जे ताट दिलंय, त्यात डाळी, अंडी आणि मांस-मासे एकाच रकान्यात आहेत, सगळं मिळून ८५ ग्रॅम. म्हणजे वरण किंवा बांगडा, दोन्ही त्याच जागेवर. आमच्या रविवारी एकेकाच्या ताटात त्याच्या तिप्पट मटण असतं, वर वडे.

आता विचारायचं ते असं. मांसाहार चांगला की वाईट यावर इथे आधीच पुष्कळ भांडणं झालीत, ती कृपया इथे नकोत. मला दोन माणसांपुरतं सांगा. लेकीचं रक्त अंडी-दूध-कडधान्यांवर वर येऊ शकतं का, कुणाच्या घरी आलंय का? आणि ह्यांच्यासाठी काय काढायचं, काय ठेवायचं?

प्रतिसाद :

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी लेकीचं. ९.६ हे नुसत्या जेवणाने भरून काढायचं नसतं, मग ती मटण खावो वा न खावो. डॉक्टरांनी लोहाची गोळी आणि बी-१२ लिहून दिलं असेल तर ते आधी नीट पूर्ण होऊ दे. आणि एक विचारा, पाळीत रक्त खूप जातं का? या वयात लोह कमी होण्याचं ते मोठं कारण असतं आणि पोरी आपणहून सांगत नाहीत. जंतांची गोळीही राहून गेलेली असते.

जेवणाचं म्हणाल तर मांस-मासळीतलं लोह शरीर सहज घेतं, डाळी-भाज्यांतलं कमी घेतं, हे खरं आहे. पण ते वाढवता येतं. मटकी-मूग मोड आणून करा, पानात लिंबू किंवा आवळा हवाच, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. मुंबईत पोह्यांबरोबर चहा हा नियमच आहे, तो मोडा. अळीव, लाल माठ, चवळी, तीळ घ्या. बीटावर विसंबू नका, रंग लाल असला तरी लोह फारसं नाही. अंड्यातलं लोहही अंगी कमी लागतं. अंडं प्रथिनांसाठी आणि बी-१२ साठी. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही, त्यामुळे तिला रोज दूध-दही आणि अंडं लागेल, आणि पातळी अधूनमधून तपासावी लागेल.

आता साहेबांचं. तुमचं वाटण बघा. सुक्या खोबऱ्यातली बहुतेक चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड, तुपासारखी थिजणारी) असते, आणि एलडीएल वाढवते ती मुख्यतः तीच. बोकडाचं मटण मुळात फार चरबीचं नसतं. चरबीचे तुकडे मागून घेतलेले, वर खोबऱ्याचं वाटण, वर तेलाचा तवंग आणि तळलेले वडे, यात एकटं मटण गुन्हेगार कसं? कोळंबीत कोलेस्टेरॉल बरंच असतं, पण संपृक्त चरबी अगदी थोडी. एलडीएलसाठी मी कोळंबी तोडायला सांगणार नाही, युरिक ॲसिडसाठी मात्र कमीच हवी. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेतला होता, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट (युरिक ॲसिड साठून होणारी सांधेदुखी) जास्त झाला, डाळी-पालक खाणाऱ्यांना नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांना उलट कमी झाला. म्हणून युरिक ॲसिड वाढलं की डाळ बंद करायची, हे जे सर्रास सांगतात ते करू नका. काळीज, भेजा, पाया आणि बिअर बंद. मटण महिन्यातून एकदा-दोनदा, तीन-चार तुकडे. मासे ठेवा, पण एक तुकडी, तव्यावर थोड्या तेलात. सुका बांगडा-बोंबील मिठामुळे बीपीला वाईट. हे सगळं त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच ठरवा, एलडीएलला गोळी लागते का ते तेच सांगतील.

प्रतिसाद :

आमच्या घरी मुलाने असंच सोडलं होतं. गोळ्या संपल्यावर आम्ही फक्त एक केलं, सकाळच्या डब्यात उसळ आणि वेगळ्या डबीत लिंबाची फोड. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेबाराला होतं. चटणीत जवळा घातला नाहीत हे फार चांगलं केलंत.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. पाळीचं विचारलं. खरंच खूप जातं, आणि कॉलेजात पॅड बदलायला नीट जागा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, हेही आज कळलं. पुढच्या आठवड्यात बाईडॉक्टरांकडे नेतेय.

खोबऱ्याचं वाचून सासूबाई आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या की गावाला वाटणात खोबरं इतकं नसायचंच, पाहुणे आले तर घालायचो, रोज घालायला लागलो मिक्सर आल्यावर. आता कांदा भाजून, भाजलेले धणे आणि थोडी डाळ घालून दाटपणा आणायचा असं त्यांनीच ठरवलंय. श्रावणात काळ्या वाटाण्याच्या उसळीवर करून बघणार. ह्यांनी बिअरचं निमूट मान्य केलं, मटण महिन्यातून एकदा यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.

अजून एक विचारायचं राहिलं. लेक सहा चाळीसची गाडी पकडते आणि डबा अकराला उघडते. मोडाची मटकी तोवर आंबूस लागते, पावसाळ्यात तर हमखास. ती कोरडी कशी करता? आणि बी-१२ ची इंजेक्शनं संपल्यावर फक्त दूध-अंड्यांवर पातळी टिकलीय असं कुणी आहे का, की अधूनमधून गोळी घ्यावीच लागते? अनुभव असेल तर जरूर लिहा.