जुना बिओलिट १२ घ्यावा का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बँग अँड ओलुफसेन या डॅनिश कंपनीचा वापरलेला बिओलिट १२ हा पोर्टेबल स्पीकर मला विकत मिळतोय. पवईतलं एक कुटुंब कायमचं परदेशी चाललंय, त्यांचं सामान विकणं सुरू आहे. किंमत बारा हजार सांगताहेत. आम्ही पुण्यात असतो, त्यामुळे मुंबईला जाऊन, बघून, पसंत पडला तर लगेच घेऊन यावं लागेल.

कशासाठी हवाय ते आधी सांगते. माझे सासरे आता आमच्याकडे राहायला आलेत. सकाळी गॅलरीत आकाशवाणी, मग स्वयंपाकघरात भाजी निवडताना नाट्यसंगीत, दुपारी त्यांच्या खोलीत जे लागेल ते. हॉलमध्ये मोठी सिस्टीम आहे, पण ती एका जागी खिळलेली. त्यांच्याबरोबर घरभर फिरेल असं काहीतरी हवं. बाबा आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. कुठलीही नवी वस्तू आली की आधी हातात घेऊन तिच्या कडा, शिवण, जोड बघतात. दुकानात रंगीत दिवे लुकलुकणारे स्पीकर दाखवले तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

बिओलिटचे फोटो मात्र ते बराच वेळ बघत बसले. सेसिली मान्झ या डॅनिश डिझायनरचं हे काम, २०१२ सालचं. चारी बाजूंनी बारीक भोकांची ॲल्युमिनियमची जाळी, कोपरे गोल, उचलायला चामड्याचा पट्टा. वर रबराचं तबक, त्यावर फोन ठेवायचा. बाबा म्हणाले, "हा डबा आहे, आणि तो डब्यासारखाच दिसतोय, उगाच दुसरं काही व्हायला जात नाही." इतकी मनापासून दाद ते सहसा देत नाहीत, म्हणून मलाही तो घ्यावासा वाटतोय. बिओलिट हे नाव या कंपनीत फार जुनं आहे. १९३९ साली त्यांनी बिओलिट ३९ नावाचा बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा, रेडिओ काढला होता. हेही बाबांना सांगितलं, तर ते आणखी खूश.

आता माझ्या शंका. बाबांचा फोन अँड्रॉइड आहे, माझाही. चालेल ना? इतक्या वर्षांच्या बॅटरीत काही जीव उरला असेल का? आणि विकणाऱ्यांनी तो युरोपातून आणलाय, तर आपल्याकडच्या विजेवर काही अडचण?

---

प्रतिसाद

ताई, पहिल्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण सगळं त्यावर अडलंय. बिओलिट १२ मध्ये ब्लूटूथ नाही. तो वायफायवर ॲपलच्या एअरप्लेने चालतो, म्हणजे आयफोन, आयपॅड किंवा मॅक हवा. ब्लूटूथ आलं ते पुढच्या बिओलिट १५ मध्ये, नंतर १७, आणि २०२० मध्ये २०. तिन्हींचा तोंडवळा जवळपास तोच आहे, त्यामुळे जाहिरातीत आकडा नीट वाचा.

पण एवढ्यावरून सोडून देऊ नका. मागे ३.५ मिमीचं लाइन-इन, म्हणजे वायरने बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक, आहे. त्यात ब्लूटूथ रिसीव्हर, म्हणजे फोनचा आवाज बिनतारी पकडून स्पीकरला देणारी छोटी डबी, लावा; हजाराच्या आत मिळतो. मग कुठलाही अँड्रॉइड फोन चालेल आणि वायफाय, पासवर्ड या भानगडीत बाबांना पडावं लागणार नाही. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी असेल असा घ्या, नाहीतर गॅलरीत त्याच्यासाठी वेगळी वायर ओढावी लागेल.

एफएम रेडिओ यात नाही हेही लक्षात असू द्या. आकाशवाणी फोनवरच्या न्यूज ऑन एअर ॲपमधून लावावी लागेल. त्यात पुणे, सांगली, कोल्हापूर केंद्रं मिळतात.

---

प्रतिसाद

विजेची काळजी नको. युरोपातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. प्लगच्या पिना मात्र आपल्यापेक्षा बारीक असतात, सॉकेटमध्ये ढिल्या बसतात आणि ठिणग्या उडतात. चांगला ॲडॉप्टर घ्या किंवा वायरचं टोक बदलून घ्या.

बॅटरीबद्दल स्पष्ट सांगायचं तर ती दमलेलीच असणार असं धरून चला. लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते, मग स्पीकर कोणत्याही कंपनीचा असो. जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्यांना फोन करून पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. तिथे पोचल्या पोचल्या वायर काढा, गाणं लावा आणि चहा-गप्पांत तासभर जाऊ द्या. त्या तासात बंद पडला तर तो पोर्टेबल राहिलेला नाही, आणि त्याची किंमतही बारा हजार नाही.

आवाज तपासायला सिनेसंगीत नेऊ नका, त्यात सगळं झाकलं जातं. विलंबित ख्याल न्या. आवाज निम्म्यावर ठेवून तानपुरा ऐका, मग डग्ग्याचा घुमारा. स्पीकरच्या पडद्याची कड सुकली असेल किंवा आत काही सैल झालं असेल, तर घुमाऱ्याबरोबर फरफर ऐकू येते. जाळीच्या खालच्या कोपऱ्यांवर बोटं टेकवून बघा, तिथे झणझण लागते का. पोचा पडलेला चालेल, झणझण नको.

---

प्रतिसाद

डिझाइन आवडणाऱ्या माणसासाठी आणि मुख्यतः आकाशवाणीसाठी असेल तर टिव्होली ऑडिओचा पॅल हा छोटा पोर्टेबल रेडिओही बघा. हेन्री क्लॉस या अमेरिकी ध्वनी-अभियंत्याची रचना. समोर एकच मोठी गोल तबकडी, ती फिरवून स्टेशन लावायचं. फोन लागतच नाही. एकच स्पीकर आहे, त्यामुळे बिओलिटचा भरदारपणा त्यात नाही, पण निवेदकाचा आवाज फार स्वच्छ येतो. सत्तरीच्या पुढच्या माणसाला गोल फिरवायचं बटण मिळणं ही मोठी सोय आहे.

---

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लूटूथचं कळलं नसतं तर मी फोन खिशात घालून पवईला पोचले असते.

पॅलचे फोटो बाबांना दाखवले. तबकडी आवडली, पण नाट्यसंगीताची त्यांची सगळी रेकॉर्डिंग फोनवर आहेत, आणि मन अजून त्या चामड्याच्या पट्ट्यावरच आहे. शनिवारी जातोय, बाबाही येताहेत. बॅटरी तासभर टिकली तर दहा हजारांपर्यंत जाईन. नाही टिकली तर सहाच्या वर नाही, कारण बॅटरी बदलायचा खर्च अंगावर येईल.

त्यावरून दोन गोष्टी विचारते. पुण्यात अशी बॅटरी नीट बदलून देणारा, जाळी न ओरबाडता उघडणारा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? आणि फोटोत पट्ट्याच्या एका टोकाशी पांढरट डाग दिसतोय, मुंबईच्या दमटपणाने धरलेली बुरशी असावी. पुसून गेली नाही तर बाबा कोल्हापूरला चप्पल लाईनमध्ये तसाच पट्टा शिवून घ्यायचं म्हणताहेत. पट्टा आत स्क्रूने बसवलाय की जाळीखाली दाबलाय, हे ज्यांच्याकडे हा स्पीकर आहे त्यांनी बघून सांगाल का?