अनुभव धागा: अक्षरं दिली, आता शब्द काढा

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात बसलो होतो. मित्राच्या पोराला शाळेतनं गृहपाठ होता: ए, ई, आर, एस, टी या पाच अक्षरांतनं जमतील तेवढे इंग्रजी शब्द काढा. आम्ही चौघं पदवीधर. 'स्टार', 'रेट', 'सीट' इथपर्यंत जोरात गेलो आणि गप्प झालो. पाचही अक्षरं लावून 'टिअर्स', 'रेट्स' आणि 'स्टेअर' पोरानंच काढले, तेही भेळेचा पुडा सांभाळत. तेव्हा वाटलं, हा नाद आणखी कुणाकुणाला आहे ते विचारावं. इंग्रजीत मार्क किती होते ते नको, किस्सा टाका.

राजारामपुरी, गृहिणी
आमच्या गाडीत पुण्याला जाताना हा खेळ ठरलेला. पुढच्या गाडीची पाटी बघायची, एमएच ०९ सोडायचं, मधली दोन अक्षरं घ्यायची. ती त्याच क्रमानं ज्या शब्दात येतील तो शब्द जो आधी ओरडेल त्याचा गुण. जी-एक्स दिसलं की 'गॅलक्सी'. पाट्यांवर आय आणि ओ घालत नाहीत, एक आणि शून्य वाटतात म्हणून. त्यामुळं पदरात बहुतेक नुसती व्यंजनं पडतात, स्वर आपण कोंबायचे. आमचे हे ड्रायव्हिंग करतात म्हणून त्यांना पाच सेकंद जास्त देतो, तरी हरतात. आता लेकीनं मनचीच जोडी घातलीय: आधी जे, मग क्यू. किणी टोल नाक्यापासून साताऱ्यापर्यंत डोकं खाजवलं, काही निघालं नाही. कुणाला येतंय का?

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षिका
माझे वडील छापखान्यात जुळारी होते. खिळे म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं. ती ठेवायच्या खणांच्या पेटीत, केसमध्ये, लहान इंग्रजी अक्षरांतला सगळ्यात मोठा खण ई-चा. क्यू, एक्स, झेड यांना चिमूटभर जागा. वडिलांना इंग्रजीचा अर्थ फारसा कळत नसे, पण कुठलं अक्षर किती लागतं ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. झिजलेले थोडे खिळे ते काडेपेटीत घालून मला आणायचे. जाजमावर उलटी अक्षरं मांडून मी शब्द लावायची. यू संपला की एन उलटा करायचा, हे त्यांनीच शिकवलं. माझ्याकडं ई तीनच होते. 'सेव्हन्टीन'ला चार लागतात. सतराव्या वाढदिवसाला माझं वय मला लावता आलं नाही, याचं त्या दिवशी खरंच वाईट वाटलं होतं!
पुढं मुलानं स्क्रॅबल आणलं, अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द लावायचा खेळ. सोंगट्या ओतल्या तर शंभरात ई बारा, क्यू आणि झेड एकेकच, आणि त्या एकेकाला दहा-दहा गुण. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टनं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ही वाटणी ठरवली म्हणे. आमच्या वडिलांनी न मोजताच सांगितली असती.

शाहूपुरी, गुळाच्या अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी
आमचं इंग्रजी बिलापुरतं. दिवाळीत सुनेनं स्क्रॅबल मांडलं, म्हणाली, "मामा, बसा की." सात सोंगट्या आल्या: ए, ई, जी, जी, जे, आर, वाय. नातू डोकावून म्हणाला, "आजोबा, वाटोळं!" मी 'जार' लावला, मोडला. 'ग्रे' लावला, मोडला. मग सहज जे डावीकडं सरकवला आणि डोळ्यापुढं खोक्यावरचा छापच उभा राहिला. बाहेरच्या मालावर हेच लिहून जायचं की! जॅगरी, म्हणजे आपला गूळ. सातच्या सात.
पहिलाच डाव, पटाच्या मधल्या चांदणीवरनं; तिथं शब्दाचे गुण दुप्पट. अक्षरांचे १९, त्याचे दुप्पट ३८, सगळ्या सोंगट्या संपवल्याचे ५०. एकूण ८८. सून म्हणाली, असा शब्द नसणार. डिक्शनरी काढायला लावली. त्यातच वाचलं की हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेला, मूळ आपली शर्कराच.
डाव मात्र हरलो. पुढं हातात नुसते आय आणि यू येत राहिले.

ताराबाई पार्क, बँकेत नोकरी
मी वर्डलवाली. लपवलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा; अक्षर बरोबर जागी असलं की हिरवं होतं. एकदा दुसऱ्याच फटक्यात शेवटची चार हिरवी झाली: आय-जी-एच-टी. मला वाटलं जिंकले. लाइट, नाइट, राइट, साइट... एकेक करत सगळ्या संधी घालवल्या. उत्तर 'माइट'. आता शहाणी झालेय. असं अडकलं की मध्येच 'फिल्म्स' टाकायचा. तो उत्तर नसतोच, पण एफ, एल, एम, एस चारही एका दमात तपासून होतात.

फुलेवाडी, सॉफ्टवेअर
कॉलेजात असताना यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. बी, ओ, के दिलं की पठ्ठ्या 'बुक' काढून दाखवायचा. ओ एकच दिलाय, त्यानं दोनदा वापरला! अक्षर आहे का एवढंच मी बघत होतो, किती आहेत ते मोजतच नव्हतो. सरांनी सगळ्या वर्गापुढं तीच तीन अक्षरं टाइप केली.
नंतर युक्ती कळली. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए ते झेड क्रमानं लावायची, ती त्याची किल्ली. किल्ली जुळली की अक्षरं तीच आणि तेवढीच. 'लिसन' आणि 'सायलेंट' दोघांची किल्ली ई-आय-एल-एन-एस-टी. 'एनलिस्ट' आणि 'टिन्सेल' पण त्याच घरातले. राजारामपुरीच्या ताई, तुमचं जे-क्यू मी प्रोग्रॅमला विचारणार नव्हतो. विचारलं. पण सांगत नाही.

इचलकरंजी, यंत्रमाग
ताई, तुमचं उत्तर आमच्या मागावर बसलंय. जॅकार्ड! भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरनं कापडात नक्षी उठवतं ते. जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास केलं, त्याच्याच नावावर गेलं. बोलताना क्यू क-सारखाच वाजतो, म्हणून सापडला नसणार. आमच्या वडिलांनी वहीत जन्मभर के घालून लिहिलंय.

राजारामपुरी, पुन्हा मी
लेकीला सांगितलं. तिच्या मनात 'जॉन्क्विल' होता, कसलंसं पिवळं फूल. भांडण नको म्हणून दोन्ही धरले. आता तिनं नवीन दिलंय: आधी एक्स, मग क्यू. हे रविवारी साताऱ्याला निघालेत, तोवर सांगा.