एका दिवसात साल्हेर, सालोटा आणि मुल्हेर-मोरा: नागपूरहून जाणाऱ्यांना जमेल का?

अंबाझरीकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात किल्ले चढायला जायचा विचार करून राहिलो: मी, माझी मुलगी (कॉलेजच्या पहिल्या वर्षाला), माझा साळा आणि त्याचा एक मित्र. बेत असा आहे. संध्याकाळी नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस, रात्री मनमाडला उतरायचं, आधीच ठरवलेल्या गाडीनं सटाणा-ताहाराबादवरून थेट साल्हेरच्या पायथ्याचं वाघांबे गाव. उजाडताच चढाई. आधी साल्हेर, मग सालोटा, खाली उतरून गाडीनं मुल्हेर, आणि संध्याकाळपर्यंत मुल्हेर-मोरा. वेळ राहिला तर हरगडही. साळ्याचं म्हणणं, नकाशावर सगळे किल्ले एकमेकांना चिकटून आहेत, पाच माथे एका दिवसात आरामात होतात.

मला तेवढं सोपं वाटून नाही राहिलं. आमचा सराव म्हणजे रोज सकाळी सेमिनरी हिल्सचा फेरा आणि रविवारी रामटेकला अंबाळ्याकडून गडमंदिराच्या पायऱ्या. मुलगी आजीसोबत पचमढीला नागद्वारची यात्रा करून आली आहे, त्यामुळे चालण्याला ती भीत नाही. पण एका बाजूला उघडी दरी असली की तिला घेरी आल्यासारखं होतं. जे जाऊन आले त्यांनी खरं काय ते सांगावं. नाही म्हणालात तरी चालेल, तेच साळ्याला दाखवीन.

घाटवाटा

पाच होतात. पहाटे चारला डोक्याला बॅटरी लावून चालायला लागायचं, सामान हलकं ठेवायचं, माथ्यावर दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. आमच्या ग्रुपनं साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा हे चार केले आहेत. बिनधास्त जा.

खामला

अंबाझरीकर भाऊ, मी नागपूरचीच, शाळेत भूगोल शिकवते. साल्हेर-सालोट्याला माझा भाऊ आणि मी जात असतो. घाटवाटा म्हणतात ते त्यांच्या ग्रुपला जमलं असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. तुम्हा चौघांसाठी मात्र माझं उत्तर स्पष्ट आहे. सालोटा आणि साल्हेर एका दिवसात जरूर करा. मुल्हेर-मोरा दुसऱ्या दिवशी.

कारण सांगते, म्हणजे तुमच्या साळ्यालाही पटेल. एका दिवसात किती माथे होतील हे त्या माथ्यांच्या उंचीवर ठरत नाही, मधल्या खिंडी किती खोल आहेत त्यावर ठरतं. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाईखालोखाल राज्यातला सर्वांत उंच माथा आणि किल्ल्यांमध्ये पहिला. सालोटा त्याच्या शेजारी, आणि दोघांच्या मधली खिंड बरीच उंचावर आहे. वाघांब्यातून तुम्ही एकदा त्या खिंडीत पोचलात की एका हाताला सालोटा, दुसऱ्या हाताला साल्हेर. पायथ्यापासूनची मेहनत एकदाच करायची आणि तिच्यावर दोन माथे मिळवायचे. मुल्हेरचं तसं नाही. मुल्हेर आणि मोरा यांच्यामध्येही खिंड आहे, तो जोड आपल्या जागी छानच आहे, पण त्याचा पायथा मुल्हेर गावात. म्हणजे साल्हेर पूर्ण उतरायचा, गाडीत बसायचं, आणि थकलेल्या पायांनी दुसरा डोंगर अगदी तळापासून चढायचा. नकाशावर वरून पाहिलं की हे दिसत नाही. साळ्याला समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा उघडायला सांगा आणि दोन माथ्यांच्या मध्ये किती रेषा उतरून किती पुन्हा चढाव्या लागतात ते मोजू द्या.

वेळेचा हिशेब करायला नाईस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम दिला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. वाघांबे ते साल्हेरचा माथा सातशे मीटरच्या वरच आहे. खिंडीतून सालोट्याचे वेगळे दोन-अडीचशे धरा, अंतर दहा किलोमीटर धरा. कागदावर साडेतीन तासांच्या आसपास येतात. पण हा नियम न थांबता चालणाऱ्या, सरावलेल्या माणसाचा आहे. त्यात घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावरून, जपून उतरणं नाही, जेवण नाही, पाण्याच्या टाक्याशी बसणं नाही, मुलीला धीर देत एकेक पायरी चढवणं नाही. मी आपल्याकडच्या मंडळींसाठी कागदावरचा आकडा सरळ दुप्पट करते. म्हणजे सात तास, थोडे जास्तच. सकाळी साडेसातला निघालात तर दुपारी तीन वाजतात आणि हाताशी दिवसाउजेडाचे तीन तास शिल्लक राहतात. ते शिल्लकच राहू द्या.

उजेडाबद्दल एक गोष्ट नागपूरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. साल्हेर आपल्यापेक्षा सुमारे पाच रेखांश पश्चिमेला आहे, एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे तिकडे सूर्य वीस मिनिटं उशिरा उगवतो. जानेवारीच्या शेवटी सात वाजून गेल्यावरच तो दिसतो. इथं सेमिनरी हिल्सवर ज्या वेळेला स्वच्छ उजाडलेलं असतं, त्या वेळेला वाघांब्यात अजून अंधुकच असेल. संध्याकाळी तीच वीस मिनिटं परत मिळतात, पण मुलीला दरीची भीती असेल तर त्या भरवशावर अंधारात उतराई ओढू नका. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात घसाऱ्यावर तर अजिबात नको.

आता क्रम. आधी सालोटा, मग साल्हेर. तुम्ही उलटं लिहिलं आहे. खिंडीतून सालोट्याकडे जाताना कड्याच्या पोटातून आडवी वाट जाते, तिच्यावर बारीक मुरूम आणि सुटे दगड आहेत. पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात, गुडघ्याएवढ्या उंच. पाय ताजे असताना हे व्हायला हवं. घसरणारे बहुतेक उतरताना घसरतात, दमलेले असताना. साल्हेरकडच्या वाटेवर पायऱ्या आणि दरवाजे पार केले की कातळ कोरून काढलेली आडवी वाट येते. आतल्या अंगाला ओळीनं गुहा, बाहेरच्या अंगाला दरी. ऐकायला भीती वाटते, पण पायाखाली जागा पुरेशी आहे आणि भिंतीकडे बघत चाललं की निभतं.

मुलीचा निर्णय घरी बसून करू नका, खिंडीत करा. तिथून सालोट्याची वाट समोर दिसते. तिला बघू द्या. ती नाही म्हणाली तर एकानं तिच्याजवळ थांबायचं, बाकीच्यांनी सालोटा करून यायचं, आणि मग चौघांनी मिळून साल्हेर. तिला कुणी आग्रह करू नये, मामानं तर मुळीच नाही. गेलीच तर हात मोकळे हवेत: पायऱ्यांवर काठी नको, मोबाइल नको, पाण्याची बाटली पाठीवरच्या पिशवीत. चढताना एक जण तिच्या खाली. उतरताना तोंड कातळाकडे, हाताला पकड मिळाल्याशिवाय पाय सोडायचा नाही.

आणि वर पोचल्यावर घाई नको. दरवाजे ओलांडून पठारावर आलात की गंगासागर तलाव, त्याच्याजवळ रेणुकामातेचं देऊळ, वरच्या अंगाला गुहा. तिथून शेवटचा चढ चढून परशुरामाचं छोटं मंदिर. परशुरामानं इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला अशी कथा आहे. हवा स्वच्छ असेल तर सालोटा पायाशी दिसतो, पलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड, आणि मांगी-तुंगीचे जुळे सुळके. दुसऱ्या दिवशी जिथं जायचं तो डोंगर तिथून नीट बघून ठेवा, वाट समजायला मदत होते. १६७२ मध्ये याच किल्ल्याच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्या लढाईत सूर्यराव काकडे पडले. वरून खालचं मोकळं रान बघताना ती लढाई जशी समजते तशी वर्गात फळ्यावर रेघा ओढून मला कधी समजावता आली नाही. तिथं दहा मिनिटांत उठायचं असेल तर एवढ्या लांब कशाला जायचं?

सरावाचंही सांगते. रामटेकच्या पायऱ्या चांगल्या, पण एकदा चढून दर्शन घेऊन परत येता की सलग तीन-चारदा चढता-उतरता? उतरण्याचाच सराव आपल्या नागपुरात होत नाही, सगळं सपाट. गुडघ्यांना ते शिकवावं लागतं. पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन करा, म्हणजे त्या दिवशी वजन नवं वाटणार नाही. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-दाणे आणि आपली संत्री. साल्हेरच्या माथ्यावर दुपारच्या उन्हात संत्र्याची फोड तोंडात टाकली की कळतं, ओझं का वाहिलं. सालं मात्र खाली आणा.

कसमादेकर

खामला ताईंनी सगळं बरोबर सांगितलं. मी सटाण्याचा. दोन गोष्टींची भर.

वाघांब्यातून चढा आणि साल्हेरवाडीकडे उतरा. तिकडूनही दरवाजे आणि पायऱ्यांची चांगली वाट आहे आणि अख्खा किल्ला पाहून होतो. गाडीवाल्याला सकाळीच साल्हेरवाडीला जाऊन थांबायला सांगा, डोंगरात फोनला रेंज मिळेलच असं नाही. वाघांब्यातून गावातला एखादा माणूस सोबत घ्या. खिंडीपर्यंत गुरांच्या वाटा बऱ्याच फुटतात, त्याच्यासोबत वेळ वाचतो आणि त्यालाही चार पैसे मिळतात.

दुसरं, मनमाडला गाडी मध्यरात्र उलटल्यावर पोचते. तिथून तसंच निघून न झोपता चढू नका. पहिला दिवस प्रवास आणि मुक्कामाचा ठेवा. २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी माणसं वाढली आहेत, म्हणून शनिवार-रविवार टाळता आला तर बरं. पायऱ्यांवर समोरून तीस जणांचा घोळका आला की तुमच्या मुलीला त्रास होईल. आणि कड्यांवर मधमाश्यांची मोहळं असतात, अत्तर लावून किंवा गुहेत धूर करून त्यांना उठवू नका.

अंबाझरीकर

ताई, दादा, मनापासून आभार. साळ्याला सगळं वाचून दाखवलं. खिंडीचं त्याला पटलं, नकाशा घेऊन त्यानं स्वतः रेषा मोजल्या. आता बेत असा: पहिला दिवस प्रवास, दुसरा सालोटा-साल्हेर, वाघांब्यातून साल्हेरवाडीकडे, तिसरा मुल्हेर-मोरा, आणि हरगड यादीतून काढला. सोमवारी नागपूर सोडू. मुलगी विचारून राहिली की सालोट्याला ती खिंडीत थांबली तर तिथं सावली आहे का?

खामला

सकाळच्या वेळेला तिथं सावलीपेक्षा वाऱ्याचीच काळजी. खिंडीत वारा जोरात असतो आणि घाम आलेलं अंग गार पडतं, म्हणून तिच्याजवळ स्वेटर आणि कानटोपी द्या. थांबणाऱ्यानं जागा सोडायची नाही, आणि वर जाणाऱ्यांनी परतायची वेळ तिला सांगून जायचं. मुल्हेरला माचीवर सोमेश्वराचं मंदिर आहे, तिथं तिला नक्की न्या. तिथपर्यंतच्या वाटेत घाबरण्यासारखं काही नाही.

कसमादेकर

मुक्कामाचं गावात आधी कळवावं लागतं, बाजरीची भाकरी आणि खुडा मिरची चौघांना पुरेल एवढी करायला वेळ लागतो. तारीख पक्की झाली की इथंच लिहा.