मराठवाड्यात वसंत नेमका केव्हा येतो?

प्रश्न
नमस्कार. सातवीतल्या माझ्या मुलीने चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने म्हणून पाठ केले आहेत. पण आमच्या किनवटकडे पळस होळीलाच अंगभर फुललेला असतो, वसंत पंचमी तर माघातच होऊन जाते, आणि वैशाखातल्या उन्हाला वसंत म्हणायला जीभ धजत नाही. तिला काय सांगावे?

प्रतिसाद १
पुस्तकातली वाटणी परंपरेने चालत आलेली आहे, परंतु ती चांद्र महिन्यांवर बसवलेली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी मागे सरकत जातात आणि अधिक मास आला की पुन्हा जागेवर येतात. ऋतू मात्र सूर्याच्या चालीने बदलतात. सायन गणनेने, म्हणजे मार्चमधल्या विषुवदिनापासून राशी मोजल्या तर, सूर्य मीन आणि मेष राशींत असतो तो वसंत, म्हणजे साधारण १९ फेब्रुवारी ते २० एप्रिल. आपला पळस या गणनेला धरून आहे. वसंत पंचमी शिशिरात येते, कारण ती स्वागताची तिथी आहे.

प्रतिसाद २
पळसाकडे मुलीला जवळून पाहू द्या. निष्पर्ण फांदीवर आधी काळसर, मखमली कळ्यांचे घोस लागतात आणि त्यांतून वाघनखासारखी वाकडी केशरी फुले बाहेर पडतात. पाऊस थांबून महिने उलटलेले असताना हे घडते, याचे मला दरवर्षी नवल वाटते. पाने गळाल्यामुळे झाडातून उडून जाणारे पाणी वाचते, आणि खोडातल्या व खोल मुळांनी ओढलेल्या ओलाव्यावर फुलोरा येतो. पाने आड येत नसल्याने साळुंक्या आणि शिंजीर यांना फुले लांबूनच दिसतात.

प्रतिसाद ३
आमच्या घरी वसंत कडुनिंबावरून ओळखतात. ज्वारीची काढणी उरकत येते, पाडव्याला कोवळा पाला आणि फुले गूळ, ओवा घालून वाटली जातात, आणि पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे असते. मुलीला एकच झाड निवडून दरवर्षी तारखेनिशी नोंद ठेवायला सांगावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज शाळेच्या वाटेवरच्या कडुनिंबाखाली आम्ही दोघे थांबलो. खाली पिवळ्या पानांचा थर होता, वर शेंड्यांना तांबूस पालवी फुटली होती. तिने दोन्ही गोष्टी आजच्या तारखेखाली लिहिल्या.