स्टाइनबर्गर बंद झाला ते बरंच झालं म्हणे!

वसईचा_बेस
काल एकाने लिहिलं की बिनडोक्याचा, म्हणजे हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, किल्ल्यांचा भाग) नसलेला, स्टाइनबर्गर बेस गिटार बंद पडला ते योग्यच झालं, १९५१ला लिओ फेंडरने प्रिसिजन हा बेस गिटार काढला तेव्हाच बेसचा प्रश्न सुटला, पुढचं सगळं ऐंशीच्या दशकातलं खूळ. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

नेड स्टाइनबर्गर फर्निचर डिझाइन करणारा माणूस. हेडस्टॉकचं वजन डाव्या हाताने का उचलायचं, असा साधा प्रश्न त्याला पडला. त्याने तारा ताणायच्या किल्ल्या खाली ब्रिजपाशी (तारा जिथे अडकतात तिथे) नेल्या, लाकूड काढून टाकलं आणि कार्बन फायबर-इपॉक्सी या कृत्रिम पदार्थाचा नेक (दांडा) केला. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, तीच, ३४ इंच. आता हे मुंबईत बसून बघा. माझा लाकडी बेस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाकतो म्हणजे वाकतोच, अ‍ॅक्शन (तारांची नेकपासूनची उंची) वर जाते, ऑक्टोबरच्या उन्हात परत उलटा खेळ. हवेतला ओलावा लाकूड पितं, इपॉक्सी पीत नाही. आणि संध्याकाळची विरार फास्ट! जवळजवळ चार फुटांची बॅग पाठीला लावून अंधेरीला चढून दाखवा, हेडस्टॉक कोणाच्या तरी चष्म्यात जातो आणि मग बोरिवलीपर्यंत शिव्या खायच्या. बिनडोक्याचा बेस निमूट रॅकवर मावतो.

तो वाईट होता म्हणून बंद नाही झाला. १९८७ला गिब्सनने कंपनी घेतली, कारखाना न्यूबर्गहून नॅशव्हिलला हलवला, आणि ९०चं दशक संपेपर्यंत मूळ इपॉक्सीचे बेस गेले. नाव राहिलं आणि त्या नावाने 'स्पिरिट' हे लाकडी बेस विकले. याला खूळ उतरलं म्हणत नाहीत.

परळ_सेटअप
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. २६ वर्षं लोकांचे नेक सरळ करतोय. लाकडी नेक वाकला तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा फिरवतो, पंधरा मिनिटांत माणूस घरी. स्टाइनबर्गरच्या त्या एल२ मॉडेलला ट्रस रॉडच नव्हता. नेक जसा आला तसा आला, रिलीफ (नेकचा हलका बाक) चुकला तर फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) घासत बसा. आणि तारा? दोन्ही टोकांना बॉल असलेल्या खास तारा लागतात. माझ्याकडचा एक मुलगा, जहाजावरच्या बँडमधून काकाने आणलेला बेस घेऊन सातव्या दिवशीच्या गणपतीला बसला, ईची तार तुटली. संध्याकाळी सात वाजता कुठे मिळणार ती तार? पोरगं उरलेला प्रोग्रॅम तीन तारांवर रडत रडत वाजवत होतं. असलं वाद्य बंदच व्हायला हवं.

वसईचा_बेस
हेडपीसला (नेकच्या टोकाला तारा अडकतात तो तुकडा) लावायचा अडॅप्टर मिळतो, साधी तार चालते. हे तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही.

तिसरी_घंटा
तुम्ही मॉडेलवरून भांडताय, इथे बेसिस्टच बंद झालाय त्याचं काय? १२ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. २०१४ला आयोजकाने सांगितलं, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस देतो, तू नको येऊस. फोनवर. दोन दिवस आधी. घरी आईला काय सांगू कळेना. पंचमदांकडे टोनी वाझ बेसवर बसायचे, ती गाणी बेस काढून ऐका, काय उरतं बघा. आणि आता कीबोर्डवर एक पॅच (तयार आवाज) लावला की झालं.

डावा_हात
तो पॅच वाजवणारा मी. म्हणजे मीच असं नाही, पण माझ्यासारखाच कोणीतरी. मला काय हौस आहे का दोन माणसांचं काम करायची? मंडळ सात जणांचं बजेट चार जणांवर आणतं, पैसे एकाचेच मिळतात, उजव्या हाताने स्ट्रिंग्ज, डाव्याने बेस, पायाने पेडल. तीन तासांनी मनगट सुजतं. वर आम्हीच चोर.

तिसरी_घंटा
चोर म्हणालो नाही. पण एकदा तरी "बेसवाला बोलवा" असं म्हणालात का आयोजकाला? एकदा?

डावा_हात
म्हणालो. पुढच्या प्रोग्रॅमला माझ्या जागी दुसरा होता. झालं समाधान?

तिसरी_घंटा
नाही झालं. पण ते मला ठाऊक नव्हतं. तुमच्यावरचा राग मागे घेतो, आयोजकावरचा नाही.

डावा_हात
ठीक. आणि मूळ विषयावर एकच सांगतो. रोलंडचं टीबी-३०३ हे मशीन बेसिस्टऐवजी साथीला म्हणूनच काढलं होतं, खपलं नाही, १९८४ला बंद. पण आपल्या मुंबईत चरणजित सिंगांनी १९८२लाच त्यावर राग वाजवून रेकॉर्ड केली होती, आणि पुढे अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत अख्खं त्याच मशीनच्या आवाजावर उभं राहिलं. तेव्हा "बंद झालं म्हणजे टाकाऊ होतं" हे परळवाल्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

परळ_सेटअप
मशीनला तार लागत नाही.

वसईचा_बेस
मुद्दा टाळू नका! बिनडोक्याची कल्पना टाकाऊ असती तर इबानेझ कंपनीने २०२०ला ईएचबी हा बिनडोक्याचा बेस कशाला काढला असता? त्याला साध्याच तारा लागतात.

परळ_सेटअप
ईएचबी दोन आलेत माझ्याकडे. बॅलन्स चांगला आहे, मांडीवरून घसरत नाही, हे मान्य करतो. पण त्याचा नेक लाकडी आहे आणि आत ट्रस रॉड आहे. म्हणजे स्टाइनबर्गरचं जे चुकलं ते दुरुस्त केल्यावरच चाललं ना?

वसईचा_बेस
आणि तोच लाकडी नेक जुलैत तुमच्याकडे येतो ना?

परळ_सेटअप
येतो. दोन्ही जुलैतच आले होते. पावसाचं तुमचं बरोबर आहे, तेवढंच. तुम्ही तो इपॉक्सीचा वाजवलाय तरी का कधी?

वसईचा_बेस
एकदाच. वांद्र्याला एका म्हाताऱ्या वादकाच्या घरी, ऑगस्टमध्ये, भिंतीला ओल आलेली. त्यांनी पेटी उघडून दिला, आठ महिने हात लावला नव्हता म्हणाले. चारही तारा सुरात होत्या. तेव्हापासून शोधतोय, कोणी विकत असेल तर सांगा.

परळ_सेटअप
मिळाला तर आधी माझ्याकडे आणा. रिलीफ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.